कूलरच्या प्लगला नवं फर्मवेअर: उघडण्यापासून गॅलरीत बसवण्यापर्यंत

इंदूरला कूलर खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, म्हणजे त्याचा प्लगही उन्हापावसातच असतो. त्या जागी स्मार्ट प्लग लावायचा, आणि तोही कंपनीच्या ॲपशिवाय घरच्या वाय-फायवर चालवायचा, एवढंच काम होतं. सुरुवात फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आणि २३ मार्चला कूलर नव्या प्लगवर चालू लागला. मधले बरेचसे दिवस वाट बघण्यात गेले. फर्मवेअर चढवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्याच्या आधी चिप ओळखायची आणि नंतर सेटिंग लावायची, खरी मेहनत तिथे आहे. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे प्लगच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, काढायचंच कशाला, हा प्रश्न घरात विचारला जातोच. स्वस्त प्लगचं वेळापत्रक बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असतं. ॲप बंद झालं, खात्यात गडबड झाली की प्लग साध्या बटणासारखा उरतो. ईएसपीहोमसारखं खुलं फर्मवेअर टाकलं की वेळापत्रक चिपमध्येच राहतं आणि विजेच्या वापराचे आकडे घराबाहेर जात नाहीत.

आधी वस्तू निवडायची. ‘आउटडोअर’ म्हणून ऑनलाइन दिसणारे आयपी४४ प्लग (आयपीनंतरचे आकडे धूळ-पाणी किती अडतं ते सांगतात) बहुतेक युरोपीय पिनांचे असतात. त्यांची अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांवर असते, आपल्याकडे ती वरच्या जाड पिनेवर. असा प्लग आपल्या सॉकेटमध्ये कसाबसा घुसला तरी अर्थ जोडलाच जात नाही. पत्र्याच्या, पाण्याने भरलेल्या कूलरला अर्थिंग नसणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. अमेरिकी पिनांचे दोन तोंडांचे प्लग ११० ते १२५ व्होल्टचे, त्यामुळे तेही बाद. शेवटी भारतीय पिनांचा, घरात वापरायचा १६ ॲम्पिअरचा स्मार्ट प्लग घेतला आणि तो आयपी६५ पेटीत बसवायचं ठरलं. पाणी अडवायचं काम पेटीचं, प्लगचं नाही. याचा आणखी एक फायदा आहे: प्लग उघडला की त्याचं मूळ सील गेलंच म्हणून समजा. आयपी४४ प्लग उघडून पुन्हा चिकटवला तर तो आयपी४४ राहत नाही.

प्लग १५ फेब्रुवारीला आला. परतीची मुदत १० दिवसांची होती आणि ती संपेपर्यंत प्लग उघडला नाही. उघडल्यावर वॉरंटी जाते, मग रिले (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटणारा निघाला तरी कोणी दाद देत नाही. तपासण्यासाठी ॲप लागत नाही. प्लगवरचं बटण वाय-फायशिवायही रिले चालवतं, तेव्हा बटण दाबून रोज काही तास इस्त्री नाही तर गीझर चालवून बघा. ॲपला मुद्दाम जोडू नका, कारण ॲप पहिल्याच दिवशी फर्मवेअर ‘अपडेट’ करायला सांगतं आणि ते केलं की प्लग न उघडता वाय-फायवरूनच फर्मवेअर बदलायचा रस्ता बंद होण्याची शक्यता वाढते. जीएसटीचं बिल मात्र पीडीएफमध्ये जपून ठेवा.

याच काळात मल्टीच्या (इंदूरला बहुमजली इमारतीला मल्टी म्हणतात) समितीला अर्ज दिला. बाहेरच्या भिंतीवर पेटी लावायची तर आमच्याकडे लेखी परवानगी लागते. अर्जात पेटीचं माप, जागा, भार किती वॉट, वायर कोणत्या मीटरवरून येणार आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियन करणार, एवढं लिहिलं. तरी सचिवांनी सोबत स्केच मागितलं. पुढची मासिक बैठक ९ मार्चला होती, मंजुरी तेव्हाच मिळाली. अर्ज आधी द्या, सोल्डरिंग नंतर करा. बैठकीची तारीख आपल्यासाठी पुढेमागे होत नाही.

२ मार्च, रविवार. प्लगला वरून एकही स्क्रू नव्हता, कवच वेल्डिंगने जोडलेलं होतं. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, आतली सर्किटची पाटी फुटते. प्लग बाकाच्या व्हाइसमध्ये जोडाच्या रेषेला आडवा धरायचा, कापडाची घडी मध्ये ठेवायची आणि हळूहळू आवळायचं. टक् असा आवाज येतो आणि रेष एका बाजूने सुटते. मग फिरवून दुसरी बाजू.

आत एक छोटी हिरवी पाटी उभी सोल्डर केलेली दिसते, तिच्यावरच्या पत्र्याच्या टोपीवर नाव असतं. पुढचं सगळं त्या नावावर ठरतं. टीवायडब्ल्यूई२एस असेल तर आत ईएसपी८२८५ आहे, म्हणजे १ एमबी फ्लॅश (कायमची मेमरी) आत असलेला ईएसपी८२६६. त्यावर टास्मोटा हे दुसरं खुलं फर्मवेअर थेट चालतं आणि वीज देताना जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला (पाटीच्या ऋण तारेला) टेकवली की चिप फ्लॅशिंगसाठी तयार होते. डब्ल्यूबी२एस असेल तर बीके७२३१टी आणि सीबी२एस असेल तर बीके७२३१एन, दोन्ही बेकन कंपनीच्या चिप. अलीकडच्या स्वस्त प्लगमध्ये बहुधा याच सापडतात. जुने व्हिडिओ बघून लोक बेकनवर टास्मोटाची मूळ फाइल चढवायला जातात, ते शक्यच नाही, कारण चिपची जातच वेगळी. बेकनसाठी दोन पर्याय आहेत: ओपनबेकन किंवा लिब्रेटिनीवर उभं असलेलं ईएसपीहोम. होम असिस्टंटचा (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर नसेल आणि सगळं ब्राउझरवरूनच करायचं असेल तर ओपनबेकन सोपं. आमच्या प्लगमध्ये सीबी२एस निघाला आणि घरात होम असिस्टंट आधीपासून होतं, म्हणून ईएसपीहोम. त्यात बेकनचा आधार २०२३.९ या आवृत्तीपासून आहे.

वायरलेस रस्ता म्हणजे तुया-क्लाउडकटर हे साधन. लिनक्सचा संगणक किंवा रास्पबेरी पाय, त्याचं वाय-फाय आणि त्या प्लगच्या फर्मवेअर आवृत्तीची नोंद, एवढं असेल तर प्लग न उघडताही काम होतं. ते कंपनीच्या फर्मवेअरमधल्या सुरक्षेच्या फटीवर चालतं, पण नव्या साठ्यातल्या प्लगमध्ये ती फट बुजवलेली असते. क्लाउडकटरच्या यादीत तुमची आवृत्ती नसेल तर त्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा सोल्डरिंग गन गरम करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाटी उघडी असताना आणि यूएसबीची वायर जोडलेली असताना प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये कधीही घालायचा नाही. एका सेकंदासाठीसुद्धा नाही. या प्लगमधला ३.३ व्होल्टचा पुरवठा मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. वीज मोजणाऱ्या बीएल०९३७ चिपसाठी पाटीचा ग्राउंड थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेला असतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, आणि जुन्या घरांत ते असतात, तर तोच ग्राउंड २३० व्होल्टवर जातो. मग लॅपटॉप जातो, आणि हात लागला असेल तर त्याहून वाईट. हे समजून घेतल्यावरसुद्धा पहिल्यांदा वायर जोडताना धास्ती वाटते, आणि ती वाटलेलीच बरी. फ्लॅशिंगच्या वेळी चिपला वीज मिळते ती यूएसबीकडूनच.

संगणकाचा यूएसबी चिपच्या पिनांना जोडणारा यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टर इंदूरच्या जेल रोडला सहज मिळतो. दुकानात ‘आर्डुइनोवाला कन्व्हर्टर’ म्हटलं तरी कळतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, जंपर ३.३ व्होल्टवर आहे का. सीएच३४० चिपच्या काही ॲडॉप्टरांवर जंपर बदलला तरी टीएक्स पिनेवर ५ व्होल्टच राहतो, म्हणून मल्टिमीटर लावून बघा. दुसरी, ३.३ व्होल्टच्या पिनेतून किती करंट मिळतो. एफटी२३२आर चिपची स्वतःची ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिॲम्पिअर देते, आणि वाय-फाय सुरू होताना चिपला काही क्षण त्याच्या कितीतरी पट लागतो. मग वाचन अर्ध्यावर तुटतं, चिप पुन्हा पुन्हा सुरू होते आणि माणूस उगाच वायरी बदलत बसतो. उपाय स्वस्त आहे: एएमएस१११७ रेग्युलेटरची (५ चे ३.३ व्होल्ट करणारी) छोटी पाटी घ्या, तिला ॲडॉप्टरचे ५ व्होल्ट द्या आणि तिच्यातून प्लगच्या चिपला वीज द्या. ग्राउंड तिघांचा एकच.

चार वायरी सोल्डर करायच्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, आरएक्स१ (माहिती घेणारी पिन) आणि टीएक्स१ (पाठवणारी). ॲडॉप्टरचा टीएक्स चिपच्या आरएक्स१ ला, ॲडॉप्टरचा आरएक्स चिपच्या टीएक्स१ ला. वायर १०–१५ सेंटिमीटरच्या वर नको. सोल्डरिंगची टोकं इतकी जवळ असतात की दोन टोकांमध्ये केसाएवढा पूल झाला तरी दिसत नाही. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा आणि वीज द्यायच्या आधी ३.३ व्होल्ट व ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. पाचवी वायर सीईएन या ठिपक्याला लावता आली तर उत्तम. ती क्षणभर ग्राउंडला टेकवली की चिप नव्याने सुरू होते. तो ठिपका हाताशी नसेल तर ३.३ व्होल्टची वायर काढून परत लावली तरी तेच होतं.

सॉफ्टवेअर एलटीचिपटूल. पोर्ट निवडायचा, आधी ‘रीड’ दाबायचं आणि तो जोडणीची वाट बघत असताना सीईएन टेकवून सोडायचा. जमलं की चिपचं नाव पडद्यावर येतं. जमत नसेल तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: आरएक्स-टीएक्स उलटे, वीज अपुरी, किंवा त्या दोन पिनांवर प्लगच्या कारखान्याने बटण नाहीतर बीएल०९३७ जोडलेला. तिसऱ्या प्रकारात ती दुसरी जोडणी तात्पुरती सोडवावी लागते. वेग ९,२१,६०० वर ठेवून चुका येत असतील तर १,१५,२०० वर आणा. २ एमबीची पूर्ण प्रत मग तीन मिनिटांच्या वर घेते, घेऊ द्या.

ही मूळ प्रत काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक तर परत जायचा हाच रस्ता. दुसरं, याच फाइलमध्ये पिनांचा नकाशा असतो. एलटीचिपटूलसोबतचं यूपीके२ईएसपीहोम ती फाइल वाचून रिले कोणत्या पिनेवर, बटण कोणत्या, दिवा कोणत्या, बीएल०९३७ च्या तीन तारा कोणत्या, हे सांगतं आणि ईएसपीहोमची कच्ची वायएएमएल (सेटिंगची) फाइलही बनवून देतं. इंटरनेटवर त्याच नावाच्या प्लगसाठी दिलेला नकाशा डोळे झाकून घेऊ नका. एकाच खोक्यात वेगवेगळ्या साठ्यांतल्या पाट्या वेगळ्या निघतात. प्लग आधी ॲपला जोडलेला असेल तर या प्रतीत तुमचा वाय-फाय पासवर्डही असतो, तेव्हा मदत मागताना ती कोणाला पाठवू नका.

आणि एक. ‘पूर्ण फ्लॅश पुसा’ असा पर्याय दिसतो, तो टाळा. बेकनमध्ये मॅक पत्ता आणि रेडिओचं कॅलिब्रेशन फ्लॅशच्याच एका भागात असतं. ते पुसलं गेलं की चिप ठरावीक सामान्य पत्ता घेते आणि घरात असे दोन प्लग झाले की राउटर गोंधळतो.

ईएसपीहोममध्ये बोर्ड सीबी२एस निवडून, वाय-फायचं नाव-पासवर्ड घालून यूएफ२ फाइल तयार केली आणि ती चढवली. त्यानंतर प्लग अजून यूएसबीच्या विजेवरच असताना बघायचं: तो वाय-फायवर येतो का, त्याचं पान उघडतं का, बटण दाबल्याची नोंद लॉगमध्ये दिसते का. इथे बरेच जण घाबरतात, कारण रिले वाजत नाही. तो वाजणारच नाही. रिलेच्या गुंडाळीला ५ किंवा १२ व्होल्ट लागतात आणि ते फक्त मेन्सवर तयार होतात. रिलेच्या पिनेवर मल्टिमीटर लावा. चालू-बंद करताना ० आणि ३.३ दिसलं की झालं. एवढं पक्कं झाल्यावरच वायरी काढा, कारण पुढचे सगळे बदल वाय-फायवरून होतात आणि कवच पुन्हा उघडायची गरज पडत नाही.

कवच बंद करायला थोडा इपॉक्सी पुरे. सिलिकॉन वापरायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. ते बाथरूमच्या फरशीसाठी ठीक.

आता सेटिंग. ईएसपीहोमची मूळ सवय अशी की होम असिस्टंट १५ मिनिटं भेटला नाही तर प्लग स्वतःला रीस्टार्ट करतो. वाय-फाय १५ मिनिटं गेलं तरी तेच. म्हणजे सर्व्हर बंद असलेल्या दुपारी कूलर दर पाव तासाने आचका देणार. एपीआय (होम असिस्टंटशी जोडणी) आणि वाय-फाय, दोन्हींखाली रीबूट टाइमआउट ० सेकंद लिहा. रिलेचा रीस्टोर मोड ‘ऑलवेज ऑफ’ ठेवला, कारण मे महिन्यात लाइट जाऊन आल्यावर अख्ख्या मल्टीचे कूलर-एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. त्या क्षणी मोटर सुरू न झालेली बरी. वृद्ध माणसं एकटी असतील त्या घरात उलट निवड करावी लागेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वेळापत्रक प्लगमध्येच असलं तरी प्लगमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट येते, नेट येत नाही, तोवर प्लगला किती वाजले हे माहीत नसतं आणि ठरलेली वेळ तशीच निघून जाते. वेळ होम असिस्टंटकडून घेतली, म्हणजे नेट नसलं तरी घरातला सर्व्हर सांगतो. सर्व्हर आणि राउटर छोट्या इन्व्हर्टरवर असतील तर प्रश्नच मिटला. भाराची मर्यादाही घातली. कूलर २०० वॉटच्या आत चालतो, म्हणून ५०० च्या वर गेलं की रिले बंद. आकडा मोटरच्या अगदी जवळ ठेवला तर सुरुवातीच्या झटक्यालाच प्लग बंद होतो.

विजेचे आकडे सुरुवातीला चुकीचेच येतात. व्होल्टच्या जागी करंट आणि करंटच्या जागी व्होल्ट दिसत असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये एसईएल पिनेखाली ‘इन्व्हर्टेड’ लिहायचं राहिलं आहे. मॉडेल बीएल०९३७, करंट रेझिस्टर ०.००१ ओहम. मग साधी इस्त्री लावून, ती गरम होत असतानाच, मल्टिमीटरवरचे व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवरचे ॲम्पिअर एकाच वेळी टिपायचे. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज बघता बघता हलतं, त्यामुळे आत्ताचा एक आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा दुसरा, असं चालत नाही. कूलर या कामाला घेऊ नका. मोटरमध्ये व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॉट नसतात.

पेटी, ग्लँड (वायर पेटीत शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच) आणि वायर महाराणी रोडवरून आणली. रंगपंचमी १९ मार्चला होती. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी बाजार बंद, आणि त्याच्या आसपास इलेक्ट्रिशियन मिळणं कठीण, म्हणून बसवायचं काम पुढच्या रविवारी ठेवलं. पेटी घेताना खोली मोजा. सॉकेट, त्यावर स्मार्ट प्लग, त्यावर कूलरच्या वायरीचा टॉप (पिनांचा प्लग), अशी चळत साधारण १५ सेंटिमीटर पुढे येते आणि बाजारातल्या बहुतेक पेट्या तेवढ्या खोल नसतात. सॉकेट मागच्या भिंतीऐवजी पेटीच्या बाजूच्या भिंतीवर आतून बसवलं की चळत लांबीत मावते. ३०० × २०० × १३० मिलिमीटरची पेटी अशी पुरली. पेटी प्लॅस्टिकचीच हवी, पत्र्याच्या पेटीत वाय-फाय मरतं. बंद पेटीत सिग्नल उणे ७० डीबीएमच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे ८० च्या पलीकडे, म्हणजे आणखी कमजोर, गेला तर राउटर हलवा.

इलेक्ट्रिशियनने पेटी बाजूला ठेवून आधी गॅलरीतला जुना बोर्ड उघडला. ‘भिया, इसमें तो अर्थिंग आई ही नहीं है,’ हे पहिलं वाक्य. जुन्या मल्टीत हे सर्रास सापडतं. मीटरच्या बोर्डापासून १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची नवी वायर ओढली आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावला. कूलरच्या वायरीचा टॉप ग्लँडमधून जात नाही, तो कापून वायर आत घ्यावी लागते आणि नवा थ्री-पिन टॉप लावावा लागतो. ग्लँड पेटीच्या खालच्या बाजूला, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणलेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं.

खर्च: प्लग ९९० रुपये, ॲडॉप्टर २२०, एएमएस१११७ ची पाटी ४०, पेटी ७५०, ग्लँड ५०, वायर २४०, आरसीसीबी १,९००, मजुरी ६००. एकूण ४,७९०. यातला निम्म्याहून जास्त पैसा आरसीसीबी, वायर आणि मजुरीचा आहे, आणि तो साधा प्लग लावला असता तरी करायलाच हवा होता.

प्लगवर १६ ॲम्पिअर लिहिलेलं असलं तरी बंद पेटीत, इंदूरच्या उन्हात, त्यावर ५–६ ॲम्पिअरच्या वर भार टाकू नये. हवा खेळत नाही आणि रिलेची टोकं तापतात. अर्ध्या हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर याच प्लगवर लावायची असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार झेलणारा वेगळा रिले) घाला. मोटर सुरू होतानाचा झटका रिलेची टोकं चिकटवतो आणि मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं, मोटर मात्र चालूच असते. ईएसपीहोमची नवी आवृत्ती आली तरी ऐन मे महिन्यात चढवू नका. जूनच्या आधी एकदा आरसीसीबी बंद करून पेटी उघडायची, झाकणाचं रबर आणि ग्लँड आवळलेले आहेत का बघायचे, आणि अपडेट करायचंच असेल तर तेव्हाच करून घ्यायचं.